तोक्कुरी : काळ्या झिलईची जपानी कुपी

तोक्कुरी : तांदूळ आंबवून तयार केलेले साके हे मद्य साठविण्यासाठी, वाहून नेण्यासाठी व पाहुण्यास वाढण्यासाठी जपानमध्ये वापरली जाणारी अरुंद गळ्याची कुपी. ती माती, पोर्सलीन, धातू, काच अशा विविध द्रव्यांची असते. तथापि ग्रामीण व सामान्य नागरी जीवनात दीर्घकाळ प्रचारात असलेला तिचा एक प्रमुख प्रकार म्हणजे काळी किंवा काळपट तपकिरी झिलई दिलेली स्टोनवेअरची कुपी होय. स्टोनवेअर म्हणजे दगडाप्रमाणे घट्ट व जलाभेद्य होईपर्यंत भाजलेले मृत्पात्र. साक्याखेरीज तेल, शिर्का व सोया-सार यांसाठीही अशाच घाटाच्या कुप्या वापरीत. जगातील अनेक वस्तुसंग्रहालयांच्या नोंदवह्यांत ‘कुपी, स्टोनवेअर, काळी झिलई, जपान’ एवढ्याच शब्दांत तिची नोंद केलेली आढळते. कर्त्याचे नाव बहुधा नसते. या त्रोटक नोंदीतील प्रत्येक शब्दामागे मात्र मृत्तिकाशास्त्र, व्यापार, स्थलांतर आणि कलाविषयक मतांतरे यांचा मोठा इतिहास आहे.

स्वरूप : सर्वसाधारण तोक्कुरीस सपाट बूड, फुगीर पोट, उतरते खांदे, आवळलेला गळा व किंचित बाहेर वळलेली कड असते. जपानी मापपद्धतीत द्रवाचे ‘गो’ (सु. १८० मिलि.) व ‘शो’ (सु. १·८ लि.) ही मापे रूढ होती. पानाबरोबर ठेवावयाच्या लहान कुपीत एक-दोन गो, तर दुकानातून मद्य आणावयाच्या मोठ्या कुपीत शोपर्यंत द्रव मावत असे. घाट उपयोगानुसार बदलतो. जहाजावर वापरावयाची कुपी बुडाशी अतिशय रुंद असते, त्यामुळे जहाज हेलकावले तरी ती कलंडत नाही. तांबा येथील मेणबत्तीसारख्या उभट, सरळ कुप्याही प्रसिद्ध आहेत. साके गरम करून पिण्याची पद्धत असल्यामुळे लहान कुपी गरम पाण्याच्या भांड्यात उभी करतात. तिचा अरुंद गळा ऊब टिकवितो आणि धार आवरतो.

झिलई साधारणतः बुडाच्या थोडी वर थांबविलेली असते. भट्टीत झिलई वितळते व खाली ओघळते. ती बुडापर्यंत पोहोचली, तर भांडे खालच्या फरशीस कायमचे चिकटते. म्हणून बुडाजवळचा पट्टा उघडा ठेवण्यात येतो व तेथे मूळ मातीचा राखी, पिवळसर वा तांबूस रंग दिसतो. कडेवर झिलई पातळ होऊन तपकिरी छटा येते, तर ओघळाच्या टोकाशी तिचा जाड, गर्द काळा थेंब थिजलेला असतो. एकाच लेपातील हा छटाभेद रंगकामाने आणलेला नसून उष्णता व गुरुत्व यांमुळे आलेला असतो.

माती व भाजणी : मृत्पात्रांचे स्थूलमानाने तीन वर्ग करतात. साधे मातीचे भांडे सु. ७००° ते १,१००° से. तापमानात भाजतात, ते सच्छिद्र राहते. पोर्सलीनसाठी शुद्ध पांढरे केओलीन व फेल्स्पार लागते आणि ते सु. १,२८०° ते १,४००° से. तापमानात भाजले असता पांढरे, पातळ भागी पारभासक होते. स्टोनवेअर या दोहोंच्या मधले होय. त्याची माती सु. १,२००° ते १,३००° से. तापमान आकार न मोडता सोसते. या तापमानात मातीतील फेल्स्पारादी द्रावक खनिजे अंशतः वितळून त्यांची काच होते व ती कणांमधील पोकळ्या भरून काढते. त्याच वेळी म्युलाइट या खनिजाचे सुईसारखे स्फटिक वाढून भांड्यास बळकटी देतात. या प्रक्रियेस काचीभवन असे म्हणतात. असे भांडे टिचकी मारली असता खणखणते आणि झिलई नसतानाही फारसे पाझरत नाही [⟶ मृत्तिका उद्योग].

एवढे तापमान उघड्या आव्यात गाठता येत नाही. त्यासाठी उष्णता कोंडून धरणारी बंदिस्त भट्टी, चांगला ओढा देणारी रचना आणि भरपूर लाकूड लागते. जपानमध्ये डोंगरउतारावर खोदलेली एकदालनी बोगद्यासारखी भट्टी प्रथम वापरात आली. पुढे उतारावर एकापाठोपाठ एक दालने चढत जाणारी भट्टी रूढ झाली. हिच्यात खालच्या दालनातील वाया जाणारी उष्णता वरच्या दालनातील भांडी तापविते. त्यामुळे इंधनाची बचत होऊन एका भाजणीत मोठ्या संख्येने भांडी निघू लागली व ती सामान्यांच्या आवाक्यात आली.

झिलईचे रसायन : झिलई म्हणजे भांड्याच्या अंगावर वितळून पसरलेली व तेथेच थिजलेली काच. तिचे तीन मूलघटक असतात : काच बनविणारी सिलिका, ओघळ आवरणारे ॲल्युमिना आणि सिलिकेचा वितळबिंदू उतरविणारे चुना, पोटॅश यांसारखे द्रावक. जपानी खेड्यातील कुंभार ही सामग्री परिसरातूनच गोळा करीत असे. चुलीतील वा गवत-लाकडाची राख चुना व पोटॅश पुरवी, तर लोहयुक्त माती वा दगडाचे चूर्ण सिलिका, ॲल्युमिना आणि रंगद्रव्य पुरवी.

काळा रंग लोहाचा असतो. झिलईत लोहाचे ऑक्साइड १ ते २ टक्के असेल आणि भट्टीत हवा कमी ठेवून क्षपणकारी ज्योत राखली असेल, तर निळसर हिरवी सेलॅडॉन झिलई मिळते. प्रमाण वाढत गेल्यास मधासारखा पिवळा, मग तपकिरी रंग येतो, सु. ६ ते १० टक्क्यांच्या दरम्यान झिलई इतका प्रकाश शोषते की ती काळी दिसते. लोह याहून अधिक झाल्यास सर्व लोह काचेत विरघळून राहू शकत नाही. निवताना ते पृष्ठभागावर स्फटिकरूपाने बाहेर पडते व पिकलेल्या पर्सिमन फळासारखी तांबूस तपकिरी छटा येते. जपानी भाषेत या फळाचे नाव ‘काकी’ असून अशा झिलईसही तेच नाव आहे. निवण्याचा वेगही महत्त्वाचा असतो. सावकाश निवलेल्या झिलईत सशाच्या लवेसारख्या रेषा किंवा तेलाच्या थेंबांसारखे रुपेरी ठिपके उमटू शकतात. झटकन निवलेली झिलई एकसारखी गडद राहते. मिनो परिसरातील सोळाव्या शतकाच्या अखेरचे ‘सेतो-गुरो’ चहापेले तर धगधगत्या भट्टीतून चिमट्याने बाहेर ओढून एकदम थंड करीत आणि अशा रीतीने त्यांचा गर्द काळा रंग साधीत.

काळ्या झिलईच्या प्रसाराचे मुख्य कारण तिचा स्वस्तपणा हे होय. लोहयुक्त माती व राख सर्वत्र मिळतात. मातीतील डाग व अशुद्धी काळ्या लेपाखाली झाकल्या जातात. आणि धूर, तेल व हाताळणी यांचे डागही तिच्यावर दिसत नाहीत. पांढरे पोर्सलीन व त्यावरील कोबाल्टची निळी चित्रे ही श्रीमंतांच्या घरची, तर काळी कुपी शेतकरी, कोळी, हमाल व दुकानदार यांच्या घरची, असा भेद दीर्घकाळ टिकला.

इतिहास : जपानमध्ये उच्च तापमानाच्या भाजणीचे तंत्र इ. स. पाचव्या शतकात कोरियातून आले. ‘सुएकी’ या नावाने ओळखली जाणारी त्या काळची राखी, कठीण भांडी चाकावर घडविलेली व बोगदाभट्टीत भाजलेली असत. त्यांच्यावर लाकडाची राख उडून बसे व वितळून आपोआप झिलई होई. मध्ययुगात सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, तांबा व बिझेन ही सहा मोठी मृत्पात्री केंद्रे भरभराटीस आली. त्यांपैकी हेतुपुरस्सर झिलई देण्याची परंपरा मुख्यत्वे सेतो येथेच होती.

काळ्या झिलईचा प्रतिष्ठित आदर्श चीनमधून आला. सुंग वंशाच्या काळात (९६०–१२७९) फूज्येन प्रांतातील ज्येन भट्ट्यांत चहासाठी काळे पेले तयार होत. चीनमधील बौद्ध मठांत अध्ययनास गेलेल्या जपानी भिक्षूंनी हे पेले मायदेशी आणले. ज्यज्यांग प्रांतातील त्यन्मू पर्वताच्या परिसरात असे मठ होते. त्या पर्वताच्या नावाच्या जपानी उच्चारावरून या पेल्यांना आणि पुढे लोहयुक्त काळ्या झिलईलाच ‘तेम्मोकू’ हे नाव पडले. त्यांतील इंद्रधनुषी ठिपक्यांचे तीन पेले जपानचे राष्ट्रीय निधी म्हणून घोषित करण्यात आले आहेत. कातो शिरोझाएमोन हा कुंभार १२२३ मध्ये दोगेन या भिक्षूबरोबर चीनला गेला व परत येऊन त्याने सेतोची परंपरा सुरू केली, अशी आख्यायिका आहे. सेतोच्या भट्ट्यांत चिनी नमुन्यांवरून काळी-तपकिरी झिलई दिली जाऊ लागली, हे तेथील अवशेषांवरून दिसते.

या इतिहासातील दुसरा टप्पा सक्तीच्या स्थलांतराचा आहे. तोयोतोमी हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. परतताना जपानी सरदारांनी अनेक कोरियन कुंभार कुटुंबे क्यूशू बेटावर नेली. काराट्सू, ताकातोरी, सात्सुमा इ. ठिकाणच्या परंपरा या कुंभारांच्या श्रमांतून व कौशल्यातून उभ्या राहिल्या. अनेक दालनांच्या चढत्या भट्टीचा प्रसारही क्यूशूतून झाला. सात्सुमामधील नाएशिरोगावा या वसाहतीत सरदारासाठी पांढरी व सामान्य लोकांसाठी काळी भांडी तयार होत. ती अनुक्रमे ‘शिरोमोन’ व ‘कुरोमोन’ म्हणजे पांढरा माल व काळा माल या नावांनी ओळखली जात. काळ्या कुपीची साधी मोहकता पाहताना तिच्यामागे ही विस्थापनाची कहाणीही आहे, याचा विसर पडता कामा नये.

एडो काळात (१६०३–१८६८) शहरे वाढली, मद्याचा व्यापार वाढला आणि कुप्यांची मागणीही वाढली. मद्यविक्रेते गिऱ्हाइकास स्वतःच्या कुप्या उसन्या देत. रिकामी कुपी दुकानात आणून पुन्हा भरून नेण्याची प्रथा होती. कुपी परत यावी म्हणून तिच्यावर दुकानाचे नाव व खूण घालीत. तांबाच्या कुंभारांनी यासाठी गडद झिलईवर पांढऱ्या मातीच्या पातळ धारेने अक्षरे काढण्याची शैली विकसित केली. काचेच्या बाटल्यांचा प्रसार झाल्यानंतर विसाव्या शतकात ही प्रथा मागे पडली आणि दैनंदिन वापरातील वस्तू जुन्या बाजारात व तेथून संग्रहालयांत गेल्या.

संग्रह व लोककलेची चळवळ : अशा कुप्यांच्या पद्धतशीर संग्रहाचे एक आरंभीचे उदाहरण एडवर्ड मॉर्स (१८३८–१९२५) या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाचे आहे. सागरी जीवांच्या अभ्यासासाठी तो १८७७ मध्ये जपानला गेला व त्याच वर्षी त्याने ओमोरी येथील प्रागैतिहासिक शिंपल्यांच्या टेकाडाचे उत्खनन केले. प्राण्यांच्या जाती गोळा कराव्या तशा पद्धतीने त्याने प्रत्येक प्रांताची व भट्टीची भांडी जमविली. पाच हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह १८९२ मध्ये बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाने घेतला व त्याची मॉर्सकृत सूची १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली. भांडे सुंदर आहे की नाही यापेक्षा ते कोठले आहे, हा प्रश्न मॉर्सने पुढे ठेवला.

सौंदर्याचा प्रश्न यानागी सोएत्सू (१८८९–१९६१) या विचारवंताने मांडला. १९२५ मध्ये त्याने हामादा शोजी (१८९४–१९७८) व कावाई कांजिरो (१८९०–१९६६) या कुंभार-कलावंतांच्या सहवासात ‘मिंगेई’ म्हणजे ‘लोकांची कला’ हा शब्द घडविला. अनामिक कारागिरांनी रोजच्या वापरासाठी, मोठ्या संख्येने व अल्प किमतीत केलेल्या वस्तूंत निरहंकारी सौंदर्य असते, असे त्याचे प्रतिपादन होते. या विचारातून १९३६ मध्ये टोकिओत जपानी लोककला संग्रहालय सुरू झाले आणि कालपर्यंत माजघरात ठेवलेली काळी कुपी तेथे सन्मानाने मांडली गेली.

हामादा १९२० मध्ये बर्नार्ड लीच (१८८७–१९७९) या इंग्रज कुंभाराबरोबर इंग्लंडला गेला व सेंट आइव्ह्‌ज येथे भट्टी उभारण्यात त्याने साहाय्य केले. मायदेशी परतल्यावर १९२४ पासून त्याने माशिको हे गाव आपले कार्यक्षेत्र केले. तेथे १८५३ मध्ये ओत्सुका केइझाबुरो याने मृत्पात्रांचा व्यवसाय सुरू केला होता व पाण्याची भांडी, चहाच्या किटल्या इ. घरगुती वस्तू तयार होत. हामादाने स्थानिक माती, दगड व राख यांवरच भिस्त ठेवली. काळी व काकी झिलई, तसेच पळीने सोडलेल्या झिलईच्या मुक्त धारा ही त्याच्या कुप्यांची ओळख ठरली. १९५५ मध्ये जपान शासनाने त्यास ‘जिवंत राष्ट्रीय निधी’ हा सन्मान दिला. कावाईने मात्र असे सन्मान नाकारले.

मिंगेई विचारातील अंतर्विरोधाकडे टीकाकारांनी लक्ष वेधले आहे. अनामिकतेचा गौरव करणारे कलावंत स्वतः जगप्रसिद्ध झाले व त्यांच्या वस्तूंना मोठ्या किमती येऊ लागल्या. माशिकोत हामादा आपल्या भांड्यांवर सही करीत नसे. परंतु भांडे ठेवावयाच्या लाकडी पेटीवर त्याची अक्षरे असत आणि बाजारात या पेटीस महत्त्व आले. ज्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, तो कुंभार स्वेच्छेने अनामिक होता की त्याचे नाव विचारण्याची कोणास गरज वाटली नाही, हा या वादातील कळीचा मुद्दा आहे. तो केवळ जपानपुरता मर्यादित नाही.

भारतातील परंपरेशी तुलना : काळी मृत्पात्रे भारतास नवीन नाहीत, परंतु त्यांचा काळेपणा वेगळ्या प्रकारचा आहे. काळी-तांबडी मृत्पात्रे आणि उत्तरेकडील काळी चकचकीत मृत्पात्रे यांचा काळा रंग भाजताना हवा कमी पडल्याने झालेल्या क्षपणाचा, कार्बनाचा वा लोहयुक्त पातळ लेपाचा असतो. त्यांची चकाकी घोटण्यामुळे व लेपाच्या सूक्ष्म कणांमुळे येते. तिच्यावर जपानी कुपीप्रमाणे वितळलेल्या काचेचा जाड थर नसतो. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात उल्लेखिलेले तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर होय. तेथील उत्खननांत सातवाहनकालीन काळी-तांबडी भांडी, तसेच केओलीनच्या पांढऱ्या मातीच्या वस्तू सापडल्या असून तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात त्या काळातील समृद्ध अवशेष जतन केलेले आहेत.

महाराष्ट्रातील कुंभाराचा आवा साधारणतः ७००° ते ९००° से. तापमानाचा असतो. भांडे सच्छिद्र राहणे हा त्याचा दोष नसून उष्ण हवामानात तो गुणच ठरतो. माठ व सुरई यांच्या अंगातून झिरपणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होते व आतील पाणी थंड राहते. सुरई व तोक्कुरी यांचे घाट जवळपास सारखे असूनही त्यांचे प्रयोजन परस्परविरुद्ध आहे : पहिलीने पाझरावे, दुसरीने थेंबही सोडू नये. लोणची व तेलकट पदार्थ यांसाठी आपल्याकडे वापरली जाणारी चिनी मातीची बरणी ही मात्र तोक्कुरीची जवळची नातलग होय, कारण तीही स्टोनवेअरच आहे.

या संदर्भात मराठवाड्याच्या भूरचनेचा विचार उद्‌बोधक ठरतो. दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकात सिलिका सु. निम्मी व लोहाची ऑक्साइडे सु. १२ ते १५ टक्के असतात. शिवाय चुना व मॅग्नेशिया हे द्रावकही असतात. त्यामुळे बेसाल्टचे वस्त्रगाळ चूर्ण सु. १,२५०° से. च्या आसपास वितळून त्याची काळपट तपकिरी काच होते. काही प्रमाणात राख वा फेल्स्पार मिसळल्यास तेम्मोकूसारखी झिलई मिळू शकते. नांदेडनजीक विष्णुपुरी येथे गोदावरीच्या पात्रात हाच खडक आहे. तर जिल्ह्याच्या देगलूर-बिलोलीकडील भागात ट्रॅपचा थर संपून फेल्स्पारयुक्त ग्रॅनाइट व पट्टिताश्म उघडे पडतात. म्हणजे झिलईची मुख्य सामग्री एकाच जिल्ह्यात उपलब्ध आहे. उणीव आहे ती उच्च तापमान सोसणाऱ्या मातीची व परवडणाऱ्या इंधनाची. बेसाल्टपासून बनलेली काळी कापसाची जमीन सुकताना फार आकसते व तडकते. म्हणून कुंभार तिच्याऐवजी नदी-तळ्यांचा गाळ निवडतात. हा गाळही स्टोनवेअरच्या भाजणीत टिकत नाही. घडविण्याचे कौशल्य असूनही येथे काचीभूत भांडे का निर्माण झाले नाही, याचे उत्तर बव्हंशी या कारणांत व येथील हवामानाच्या गरजांत मिळते.

आधुनिक काळात महाराष्ट्रात झिलईदार मृत्पात्रांचे काही महत्त्वाचे प्रयोग झाले. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत जॉर्ज टेरी याच्या पुढाकाराने १८७० नंतरच्या दशकात झिलईदार भांडी तयार होऊ लागली व त्यांच्या नक्षीसाठी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचाही आधार घेण्यात आला. चंद्रपूर जिल्ह्यात चिनी माती व कोळसा ही दोन्ही उपलब्ध असून तेथे भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या नेतृत्वाखाली ग्रामीण कुंभारांना सुधारित मृत्तिका-तंत्राचे शिक्षण देण्याचे कार्य केले. जपानी परंपरेशी थेट संबंध आला तो दिल्लीचे गुरुचरण सिंग (१८९८–१९९५) यांच्याद्वारे. १९१९ मध्ये ते मृत्तिकाविद्येच्या शिक्षणासाठी जपानला गेले होते. लीचच्या कार्यशाळेचा अनुभव घेतलेल्या निर्मला पटवर्धन यांनी भारतीय द्रव्यांपासून झिलया सिद्ध करण्याच्या पद्धती आपल्या ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ या ग्रंथात दिल्या आहेत.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात (१९२२ मध्ये खुले झालेले पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझीयम) रतन टाटा (१८७१–१९१८) व दोराबजी टाटा (१८५९–१९३२) यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी व जपानी कलावस्तू आहेत. त्या काळच्या संग्राहकांची अभिरुची प्रामुख्याने नक्षीदार पोर्सलीन, जेड, लाखकाम व हस्तिदंती कोरीवकाम यांकडे होती. जपानी कलेची ती एक बाजू होय. काळ्या कुपीची साधी बाजू समजल्याशिवाय तिचे चित्र पुरे होत नाही.

परीक्षण व जतन : सही नसलेल्या कुपीचे स्थळ व काळ ठरविण्यासाठी तज्ञ प्रथम तिचे बूड पाहतात. मातीचा रंग व भरडपणा, चाकावरून दोऱ्याने कापताना उमटलेल्या वळ्या, भट्टीतील आधारांच्या खुणा आणि झिलईची सीमारेषा यांवरून भट्टीचा अंदाज करता येतो. क्ष-किरण अनुस्फुरणाने झिलईतील मूलद्रव्यांचे प्रमाण भांड्यास धक्का न लावता कळते. नमुना तापविल्यावर त्यातून निघणारा मंद प्रकाश मोजून शेवटच्या भाजणीचा काळही ठरविता येतो. मात्र त्यासाठी थोडी माती खरवडून घ्यावी लागते. जुनी डागडुजी पुसून टाकणे इष्ट नसते. जपानमध्ये फुटलेले भांडे लाखेने सांधून सांध्यावर सोन्याची पूड देण्याची पद्धत आहे. असा सांधा हाही वस्तूच्या इतिहासाचा भाग मानतात.

स्टोनवेअरला दमट हवा, कीड व प्रकाश यांपासून विशेष भय नसते. त्याचा खरा शत्रू म्हणजे आघात. अरुंद बुडाची, उंच कुपी भूकंपात सर्वप्रथम कलंडते. ११ मार्च २०११ रोजी झालेल्या भूकंपात माशिको येथील हामादाच्या चढत्या भट्टीची पडझड झाली व त्याने स्थापन केलेल्या संग्रहालयातील अनेक वस्तू फुटल्या. पुढे भट्टी दुरुस्त करून तीत पुन्हा भाजणी करण्यात आली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या (जि. लातूर) भूकंपात हजारो माणसे दगावली. या आपत्तीमुळे, स्थिर समजला गेलेला मराठवाडाही अशा संकटापासून मुक्त नाही, हे स्पष्ट झाले. म्हणून या भागातील संग्रहालयांतही कुपी-सुरईसारख्या वस्तू बुडाभोवती आधारकडे देऊन, पारदर्शक बारीक धाग्याने बांधून किंवा आत वाळूची पिशवी ठेवून मांडणे श्रेयस्कर होय. फडताळाच्या कडेस उठाव असणे व मोठी भांडी खालच्या खणात ठेवणे हे उपाय अल्पखर्चाचे असूनही परिणामकारक आहेत.

महत्त्व : काळ्या झिलईची कुपी ही राजदरबारातील कलाकृती नव्हे. तिचे मोल तिच्यातून कळणाऱ्या गोष्टींत आहे : कोणती माती कोठे मिळत होती, किती लाकूड जळत होते, कोण सक्तीने कोठून कोठे गेला, दुकानदार कोणत्या विश्वासावर उसनी भांडी देत होता. जपानने ही भांडी प्रचारातून जाण्याच्या सुमारास गोळा केली, म्हणून हे प्रश्न आज विचारता येतात. आपल्याकडे घागर, रांजण, सुरई यांची जागा धातू व प्लॅस्टिकच्या भांड्यांनी मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. फुटके मडके टाकून देण्याची आपली रीत असल्यामुळे मागील पिढ्यांची भांडी घरांत क्वचितच उरतात. जिल्हा व ग्राम पातळीवरील संग्रहालयांनी अशी भांडी मिळवून त्यांच्या नोंदीत वस्तूच्या नावाबरोबर गाव, मातीचे ठिकाण, भाजणीची पद्धत, उपयोग आणि घडविणाऱ्याचे नाव ही माहिती लिहून ठेवल्यास उद्याच्या अभ्यासकास ‘कर्ता अज्ञात’ एवढ्यावर थांबावे लागणार नाही [⟶ मृत्पात्री, वस्तुसंग्रहालये].